मीटरबाई

सून घरात येऊन बरेच महिने झाले होते, पण होडीवाल्या आबांनी तिच्याकडे खऱ्या अर्थाने पहिल्यांदा पाहिलं ते दुपारची झोप मोडली म्हणून. तशी ती रोज समोर असायचीच. सकाळी चहाचा कप ठेवणारा हात, दारात वाजणाऱ्या चपला, मुलाशी हळू आवाजात चाललेलं बोलणं. पण घरातल्या दारा-खिडक्यांकडे आपण पाहतो कुठे? ती आहेत हे आपल्याला माहीत असतं, एवढंच.

आबांच्या बाकाच्या वर छताला पंखा होता आणि तो वर्षानुवर्षं घुमत असे. सकाळच्या फेऱ्या आटोपून, जेवून आबा आडवे झाले की त्या घुमण्यावर त्यांची डुलकी लागायची. इंजिनाच्या आवाजात जन्म गेलेल्या माणसाला शांतता सोसत नाही. त्या दुपारी ते पडले आणि नुसतेच या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिले. काहीतरी चुकत होतं. डोळे उघडून पाहिलं तर पंखा फिरत होता. वारा तर नेहमीपेक्षा जास्तच येत होता. आवाज मात्र नव्हता.

"या पंख्याला काय झालं?" त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेने विचारलं.

"काही झालेलं नाही, बरा झालाय," आतून बायको म्हणाली. "तुमच्या सुनेने सकाळी खाली उतरवला, बेअरिंग पुसलं, तेल घातलं नि परत चढवला. तुम्ही फेरीवर होतात."

"मग आता मी झोपू कसा?"

"तुम्ही घोरता तेवढा आवाज पुरेल की!"

तेवढ्यात सून हात पुसत बाहेर आली. "आबा, पूर्वीसारखा वाजवून हवा असेल तर देते वाजवून," ती म्हणाली, "पण बेअरिंग जाईल हो त्याने."

चेहऱ्यावर हसू नव्हतं. पोरगी थट्टा करतेय की खरंच विचारतेय, हे आबांना कळेना. तेव्हा त्यांनी तिला नीट पाहिलं. बुटकी, केस घट्ट वर बांधलेले, फिरत्या यंत्राजवळ काम करणारी माणसं बांधतात तसे. मनगटावर भाजल्याची जुनी खूण. नजर आबांकडे नव्हतीच, पंख्याकडे होती.

लग्न ठरताना आबांना सांगितलं होतं की मुलगी "दुकानात कामाला" आहे. त्यांना वाटलं, कापडाच्या असेल. ते दुकान निघालं वाइंडिंगचं. जळालेले पंखे, मिक्सर, पाण्याचे पंप तिथे यायचे. जुनी तार काढून नवी तांब्याची तार वेटोळ्या-वेटोळ्यांनी भरायची, हे तिचं काम. तिथले उस्ताद अबोल होते. त्यांच्या तोंडून निघालेली दोनच वाक्यं तिने गाठीला बांधून आणली होती. एक म्हणजे, "आधी हात, मग मीटर, आणि पाना सगळ्यात शेवटी." आणि दुसरं, "जे उघडशील ते तुझं." म्हणजे असं, की यंत्र उघडण्याआधी ते बिघडवल्याचा दोष दुसऱ्याचा असतो. एकदा का तुम्ही स्क्रू काढलात, की पुढचं सगळं तुमच्या नावावर.

तिच्या कपड्यांच्या पेटीत, चांगल्यातल्या चांगल्या शालीच्या घडीत वीज मोजायचा एक पिवळा मीटर होता. लाल-काळ्या वायरी त्याच्याभोवती नीट गुंडाळलेल्या. सासूबाईंनी पेटी आवरताना ती घडी उलगडली आणि कपाळाला हात लावला. "मी म्हटलं, एवढं जपून ठेवलंय तर एखादा हार असेल!"

पंख्याच्या प्रकारानंतर आबांनी तिचं नाव 'मीटरबाई' पाडलं. ते काही कौतुकाने नव्हे. झोपेचं खोबरं झालं होतं, त्याचा राग होता तो. पण रागाने दिलेलं नाव तिने बक्षीस मिळाल्यासारखं घेतलं. आबा म्हणाले, "मीटरबाई, चहा आहे का?" की ती म्हणायची, "मोजून आणते." हळूहळू गल्लीतसुद्धा तेच नाव झालं.

आबांची होडी खाडीवर फेऱ्या मारायची, अलीकडच्या धक्क्यावरून पलीकडच्या. होडीच्या मागच्या फळीला इंजिन लटकवलेलं. आउटबोर्ड म्हणतात ते. चावी फिरवली की सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिली गिरकी देणारी छोटी मोटर, त्याला फिरवते आणि मग ते स्वतःच्या पायावर चालू लागतं. होडी जुनी, इंजिनही जुनं, पण पाहणाऱ्याला ते पटायचं नाही. कारण आबांचा रंग. दरवर्षी होडी पाण्याबाहेर काढली की आबा इंजिनाला निळा रंग द्यायचे. खाऱ्या हवेत उघडं राहिलेलं लोखंड किती दिवस टिकतं, हे त्यांनी दुसऱ्यांच्या इंजिनांवर पाहिलं होतं. बाकीचे होडीवाले रंग द्यायचे तेव्हा वायरी-बोल्टांवरूनच ब्रश फिरवायचे. आबांना ते खपत नसे. ते एकेक बोल्ट काढायचे, वायर बाजूला करायचे, वायरीच्या खालची जागासुद्धा रंगवायचे, वाळू द्यायचे, आणि मग सगळं परत होतं तसं बसवायचे.

"कोणाला दिसणार आहे ते?" धक्क्यावरचा मिस्त्री विचारायचा. त्याची स्वतःचीही एक होडी होती.

"मला माहीत असतं ना," आबा म्हणायचे.

पलीकडच्या धक्क्यावर माणसं डोळ्यांवर हात धरून उभी असायची आणि लांबूनच म्हणायची, "आली बघा निळ्या इंजिनाची होडी." आबांना त्याचा अभिमान होता आणि तो लपवण्याचा त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही.

पण त्या वर्षी इंजिन उठताना जड झालं. चावी फिरवली की पूर्वी झर्रकन फिरायचं, ते आता घर्र… घर्र… करत, म्हातारा जिना चढतो तसं, पायरीपायरीवर थांबत फिरू लागलं. कधी पेटायचं, कधी नाही. होडीत बसलेली माणसं घड्याळं बघायची. आणीबाणीसाठी वरच्या चाकाला गुंडाळून ओढायची दोरी होती, पण आबांचा खांदा गेल्या वर्षीच धरला होता. दोरी ओढणं त्यांच्या हातचं राहिलं नव्हतं.

सगळे म्हणाले, बॅटरी गेली. आबांनी नवी कोरी बॅटरी आणली. दोन-चार दिवस बरं वाटलं, मग पहिले पाढे पंचावन्न. मग म्हणाले, सेल्फचे कार्बन, म्हणजे आतल्या वीज पोचवणाऱ्या कांड्या, झिजले असतील. सेल्फ काढून शहरात नेला, नवे कार्बन घातले, आतून साफ केला. तो टेबलावर कसा भिरभिर फिरतो, हेही कारागिराने दाखवलं. होडीवर बसवला की पुन्हा घर्र… घर्र.

शेवटी मिस्त्रीने इंजिनावर थाप मारली. "आबा, बॅटरी नवी, सेल्फ नव्यासारखा. राहिलं काय? इंजिनच आतून धरतंय. याचं वय झालं. भंगारवाल्याला बोलवा नि मोकळे व्हा."

वय झालं, हे तो इंजिनाबद्दल म्हणाला होता. आबांना मात्र ते भलतीकडेच लागलं.

कारण वार्षिक तपासणी तोंडावर आली होती. तपासणीसाहेब येणार, होडीवाल्याने त्यांच्यासमोर स्वतःच्या हाताने इंजिन चालू करून दाखवायचं. नाही झालं, की परवाना थांबला. आणि आबांच्या वयाला एकदा थांबलेला परवाना पुन्हा निघतो, असं कोणी ऐकलेलं नव्हतं. मुलगा दुधाचा टँकर चालवायचा. मनाने वाईट नव्हता, पण बोलायचा सरळ. "आबा, नापास झालं तर मनाला लावून घ्यायचं नाही. होडी विकून टाकू. बसा घरी आरामात."

"पंख्याखाली?" आबांनी विचारलं.

"हो, मग?"

"तो पण आता बोलत नाही."

त्या संध्याकाळी आबा जेवले नाहीत म्हटलं तरी चालेल. ताटात बोटं फिरवत बसले. बायकोने ते पाहिलं. ती तोंडाने फटकळ, पण नवऱ्याचं काय दुखतंय हे तिला त्याच्याआधी कळायचं. ती सुनेला म्हणाली, "अगं, तो तुझा हार काढ की एकदा शालीतून. इंजिनाला घालून बघ."

"पंख्याचं वेगळं, पाण्यावरचं इंजिन वेगळं," आबा म्हणाले.

"बॅटरीवाला आला तेव्हा हे सुचलं नाही? मिस्त्रीने थापा मारल्या तेव्हा सुचलं नाही? घरचं माणूस हात लावायचं म्हटलं की तेवढं वेगळं होतं!"

सून मध्ये पडली. "आबा, मी काही उघडणार नाही. नुसतं बघेन. बघण्याने काही बिघडत नाही."

तिचं 'उघडणार नाही' हे वाक्य आबांना पटलं. आतापर्यंत ज्याने त्याने येऊन काहीतरी उघडलंच होतं.

सकाळी ती धक्क्यावर आली. होडीत उतरताना ती क्षणभर काठाला धरून थांबली, पाणी कसं हलतंय त्याचा अंदाज घेतला आणि मग पाय टाकला. आबांच्या नजरेतून ते सुटलं नाही. इंजिनाला लाल पीळदार दोरी असते, तिची क्लिप काढली की इंजिन फिरतं पण पेटत नाही. तिने ती क्लिप काढून खिशात टाकली आणि म्हणाली, "आबा, मी म्हणेन तेव्हा चावी फिरवा. जरा जास्त वेळ धरा."

इंजिन घर्र घर्र करत फिरलं. ते थांबताच तिने बॅटरीपासून सुरुवात केली आणि ती एकेक वायर, एकेक जोड हाताने चाचपू लागली. ताप आलेल्या लेकराचं कपाळ पाहावं तसं. "वीज जिथे अडते तिथे तापते," ती म्हणाली. बॅटरीच्या लाल टोकाशी तिचा हात थांबला. "हे गरम आहे."

तिने ते टोक सोडवलं, घासून चकचकीत केलं, पुन्हा आवळलं. बॅटरी रात्रभर घरी चार्जिंगला होती. आबांनी चावी फिरवली आणि इंजिन बऱ्यापैकी फिरलं. आबांचा चेहरा उजळला. त्यांनी मिस्त्रीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "आमच्या मीटरबाईने पकडलं बरं का!"

दुसऱ्या दिवशी चार फेऱ्या होईपर्यंत इंजिन पुन्हा जिना चढू लागलं.

मिस्त्री नुसता शिट्टी वाजवत गेला. आबा घरी आले ते पाय आपटतच. सुनेने त्यांना दारातच गाठलं. "पुन्हा तसंच ना?"

"तसंच."

"चुकलं माझं," ती म्हणाली. "बॅटरी भरलेली होती म्हणून काल फरक वाटला. एक गरम जागा सापडली आणि मला वाटलं, तेवढीच. पुढे हात फिरवलाच नाही मी. मीटर तर लावलाच नाही. उस्तादांनी टपली मारली असती."

आबा पायातल्या चपला तशाच ठेवून उभे राहिले. त्या घरात 'चुकलं माझं' हे शब्द असे सरळ कोणी उच्चारल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मुलगा म्हणायचा, "बघू." बायको म्हणायची, "मग काय झालं?" ते स्वतः तर काहीच म्हणायचे नाहीत, उठून होडीकडे जायचे.

"उद्या परत बघ," ते म्हणाले.

"उद्याच. परवा तपासणी आहे."

दुसऱ्या दिवशी तिने सगळं ओळीने केलं, आणि तोंडाने सांगत केलं, बहुधा स्वतःलाच बजावण्यासाठी. क्लिप काढून खिशात. मीटरचं एक टोक बॅटरीच्या लाल खुंटीला, दुसरं सेल्फच्या लाल खुंटीला. "फिरवा." काटा जवळजवळ जागचा हलला नाही. "जायची वाट मोकळी आहे." मग एक टोक बॅटरीच्या काळ्या खुंटीला आणि दुसरं इंजिनाच्या अंगाला. "फिरवा, आबा."

या वेळी काटा असा उठला की तिने मीटर डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिलं.

"काय म्हणतोय?" आबांनी विचारलं.

"आबा, समजा तुम्ही माणसं पलीकडे सोडलीत, आणि होडी परतच येऊ दिली नाही कोणी. तर पुढची माणसं तुम्ही नेणार कशात?"

"कशात नेणार? फेरी बंद."

"विजेचं तसंच आहे. लाल वायरीने जाते, काळीने परत येते. सगळ्यांनी जायची वाट तपासली. बॅटरी बदलली, सेल्फ दुरुस्त केला. परतीच्या वाटेकडे कोणी बघितलंच नाही." तिने काळ्या वायरीवरून हात फिरवत नेला, बॅटरीपासून इंजिनापर्यंत. जिथे ती वायर एका बोल्टने इंजिनाच्या अंगाला जोडली होती, तिथे हात थांबला आणि पटकन मागे आला. "इथे तर चटका बसतोय."

ती वाकली. बोल्टच्या भोवती, वायरीच्या टोकाच्या खाली, कडेने गुळगुळीत निळा रंग दिसत होता. जाड, सुबक, एकही ओघळ नसलेला.

तिला कळलं. रंगातून वीज जात नाही. दरवर्षी वायर काढून तिच्या खाली एक थर चढत गेला होता. इतकी वर्षं वीज बोल्टच्या आट्यांमधून कशीबशी वाट काढत होती, आणि या वर्षी खाऱ्या हवेने ते आटेही खाल्ले. ज्यांनी वायरीवरूनच ब्रश फिरवला होता, त्या आळशी होडीवाल्यांची इंजिनं झर्रकन उठत होती. हे दुखणं खाडीवर एकट्या आबांच्याच इंजिनाला होऊ शकत होतं. आपलेच दात, आपलेच ओठ.

ती सरळ झाली. धक्क्यावर मिस्त्री पायावर पाय टाकून बसला होता. आणखी दोन होडीवाले गंमत बघायला आले होते.

"काय सापडलं, मीटरबाई?" मिस्त्रीने हाक मारली. "की पंख्यासारखं तेल घालणार?"

आबाही तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने मीटरच्या वायरी गुंडाळायला घेतल्या.

"ऊन फार झालंय, काका," ती म्हणाली. "काटा दिसत नाही नीट. जेवून येते परत."

मिस्त्री हसला. आबांना मात्र जरा नवल वाटलं. कालपर्यंत चूक झाली तरी तोंडावर सांगणारी ही पोर आज उन्हाचं निमित्त का करतेय?

जेवणं झाली, धक्का रिकामा झाला. मिस्त्री घरी वामकुक्षीला गेला. तेव्हा ती आबांना घेऊन होडीत आली. तिने पाना काढला, पण स्वतः वापरला नाही. तो आणि एक बोथट सुरी तिने आबांच्या हातात दिली.

"हा बोल्ट काढा, आणि खालचा रंग खरवडा. पैशाएवढी जागा. धातू दिसेपर्यंत."

"तू कर की."

"नको. रंग तुमचा आहे. मी हात लावणार नाही."

आबांनी बोल्ट काढला, वायर बाजूला केली आणि खरवडायला लागले. वरचा निळा गेला, त्याखाली दुसरा निळा आला, जरा फिका. "हा त्या दुकानदाराने जुना डबा दिला होता तेव्हाचा," ते आपल्याशीच बोलले. आणखी खाली हिरवट थर लागला. "हा मुलगा टँकरवर लागला त्या वर्षीचा… नाही, त्याआधीचा. निळा मिळाला नव्हता." मग पुन्हा निळा, आणि पुन्हा निळा. सुरी थरामागून थर उचलत होती आणि आबांचा हात हळूहळू मंद होत होता. शेवटी टोकाशी काहीतरी चमकलं. आबा बराच वेळ त्या चमकणाऱ्या ठिपक्याकडे बघत राहिले.

"म्हणजे मीच," ते म्हणाले.

ती होडीच्या फळीवर बसली होती. समजूत काढण्याच्या घाईत माणसं खोटं बोलतात. तिने तसं केलं नाही.

"हो, आबा," ती म्हणाली. "पण रंग नसता तर आज खरवडायला इंजिनच उरलं नसतं. मी खोलून नाही बघितलं, पण हाताने फिरवून बघितलंय. आतून कुठे धरत नाही. मिस्त्रीकाकांच्या इंजिनाला तर खाली भोकं पडलीत. तुम्ही सगळं नीट केलंत. फक्त एवढी जागा उघडी ठेवायची होती, आणि ते तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं."

आबांनी मान हलवली. मग दोघांनी मिळून बोल्टचे आटे घासले, वायरीचं टोक घासलं, धातूला धातू भिडवून बोल्ट आवळला आणि वरून हवा लागू नये म्हणून ग्रीस चोपडलं. "फिरवा," ती म्हणाली.

इंजिन असं गरकन फिरलं की होडी हादरली. आबा लहान मुलासारखे हसले, आणि उगाचच परत एकदा चावी फिरवली.

"पुरे, पुरे! बॅटरी उतरवाल!"

घरी जाताना ती म्हणाली, "मिस्त्रीकाकांनी विचारलं तर सांगा, वायर सैल होती."

आबा पायाखालची वाट बघत चालत राहिले.

तपासणीच्या सकाळी धक्क्यावर बरीच गर्दी होती. तपासणीसाहेब उंच, कमी बोलणारे, पाण्यात भिजू नये म्हणून पँट दुमडलेले. सासूबाई लांब पायरीवर उभ्या होत्या. त्यांचा हात पदराशी चाळा करत होता. आबा होडीत बसले, खांदे सरळ केले आणि चावी फिरवली.

झर्रर्र! इतक्या वर्षांत फिरलं नव्हतं असं इंजिन फिरलं. पण पेटलं नाही.

आबांनी पुन्हा फिरवलं. झर्रर्र. नुसतंच फिरणं. साहेबांच्या कपाळाला आठी पडली. मिस्त्री पुढे सरसावला. "मी सांगत होतो, आतून गेलंय."

आबांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी पेट्रोलची नळी पाहिली, पंप दाबून पाहिला. सगळं जागच्या जागी. मग त्यांची नजर चावीच्या बाजूच्या रिकाम्या खाचेवर गेली, आणि त्यांनी मान मागे टाकून अशी हाक मारली की पलीकडच्या धक्क्यावरसुद्धा ऐकू गेली असेल.

"मीटरबाई! माझी लाल दोरी कुठाय?"

धक्क्यावर उभ्या असलेल्या सुनेचा हात खिशात गेला आणि तिचं तोंड उघडंच राहिलं. कालपासून क्लिप तिच्याच खिशात होती. पायऱ्या उतरून ती धावत आली.

"काखेत कळसा!" सासूबाई पायरीवरून ओरडल्या. "आणि सासरा तिकडे गावाला वळसा घालतोय!"

लोक हसले, साहेबही गालातल्या गालात हसले. आबांनी क्लिप बसवली, चावी फिरवली, आणि इंजिन पहिल्याच गिरकीला पेटलं. निळसर धुराचा एक झोत निघाला आणि मग तो आबांच्या ओळखीचा, भरलेला, एकसारखा आवाज.

साहेबांनी ऐकलं, मान डोलावली. "मागे जड उठतं अशी तक्रार होती ना? काय केलंत?"

सुनेने पटकन म्हटलं, "वायर सैल होती, साहेब."

"सैल नव्हती," आबा म्हणाले. ते इंजिनाच्या आवाजापेक्षा मोठ्याने बोलत होते, त्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं. "मीच वायरीखाली रंग देत होतो, दरवर्षी. विजेची वाट मीच बुजवली. हिने शोधून काढलं, आणि काल सगळ्यांदेखत सांगितलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती म्हणून उन्हाचं निमित्त केलं. रंग माझा, डोकं हिचं."

मिस्त्री मागे सरला. मग थोड्या वेळाने सुनेजवळ येऊन हळूच म्हणाला, "माझं पण सकाळचं जरा जड उठतं. बघशील एकदा?"

"बघेन, काका. पण उघडणार नाही हं," ती म्हणाली.

आबांना परवाना मिळाला. पुढची काही वर्षं त्यांनी फेऱ्या मारल्या. रंगाचा दिवस आला की ते तसंच सगळं सोडवायचे आणि तसंच सगळं रंगवायचे, फक्त त्या एका बोल्टपाशी आले की ब्रश खाली ठेवायचे आणि हाक मारायचे. सून येऊन त्या जागेवर पैशाएवढी कागदाची चिकटपट्टी लावायची. मग पुढचा रंग. चिकटपट्टी त्यांना स्वतःला लावता येत नव्हती असं नाही.

आता आबांच्याने होडीत चढवत नाही. ते बाकावर पंख्याखाली असतात आणि इंजिनाच्या आवाजासाठी खिडकीतून धक्क्याकडे कान लावून असतात. मीटरबाईकडे परवाना आहे. सकाळची पहिली फेरी ती मारते, होडी पलीकडच्या धक्क्यावर बांधते, तिथल्या वाइंडिंगच्या दुकानात दिवसभर काम करते, आणि संध्याकाळी माणसं घेऊन परत येते.